ततियम्पि कमलचं

कौसल्याबाई त्रिशरण विसरल्या, ही बातमी इंदूरच्या विजय नगरातल्या चौथ्या मजल्यावरून निघून थेट बडा गणपतीजवळच्या विहारात पोहोचली, तरी खुद्द कौसल्याबाईंना कोणी काही विचारलं नव्हतं. घ्या! जिने विहारातल्या दोन पिढ्यांच्या पोरांना त्रिशरण शिकवलं, तीच म्हणे विसरली.

झालं होतं असं. रोज संध्याकाळी सातला कौसल्याबाई बाल्कनीत खुर्ची टाकून वंदना म्हणायच्या. एक दिवस सुनेनं, मैत्रीनं, कांदा चिरता चिरता कान दिला. सासूबाईंनी बुद्ध, धम्म, संघ असं एकदा म्हटलं आणि त्या गप्प झाल्या. बौद्धाघरचं शेंबडं पोरही पुढे 'दुतियम्पि' म्हणतं, म्हणजे दुसऱ्यांदा. मग 'ततियम्पि', तिसऱ्यांदा. सासूबाई दोन्ही गाळून, बऱ्याच वेळानं, एकदम पंचशीलावर गेल्या. मैत्रीनं घाबरून नवऱ्याला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सुगत ऑफिसातून लवकर आला, बाल्कनीच्या दाराशी उभा राहिला आणि आई थांबल्याबरोबर हळूच म्हणाला, "आई, दुतियम्पि..."

कौसल्याबाईंनी डोळे न उघडता हात वर केला. गप्प बस.

"चिडचिडही वाढलीये यार," सुगत आत जाऊन बायकोला म्हणाला. कौसल्याबाईंना ते स्वच्छ ऐकू आलं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे गेले होते, कान नव्हते गेले.

एवढ्यावर थांबला असता तरी त्यांनी सोडून दिलं असतं. पण सुगतनं विहार समितीच्या वाल्मिकजींना फोन केला. मग वाल्मिकजींचा कौसल्याबाईंना फोन. "ताई, यंदा वैशाख पौर्णिमेला तुम्ही आराम करा. वंदना दुसरं कोणी सांगेल. सुगत बोलला की तब्येत जरा इकडेतिकडे आहे."

कौसल्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. लग्न होऊन इंदूरला आल्यापासून पौर्णिमेची वंदना त्या सांगत होत्या. माइक हातात धरताना त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटायचं, आणि का वाटू नये? आता पोटच्या पोरानं तो माइक काढून घेतला होता, तेही पाठीमागून.

विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. गोष्ट साधी होती. महूला फौजी क्वार्टरांत तीन हवालदारांच्या तीन मुली वाढल्या: कौसल्या, शारदा, कमल. विहारात तिघी एकाच चटईवर बसायच्या. लग्नं झाली तरी पौर्णिमेला भेटी व्हायच्या. मग शारदाची कंबर गेली, ती महूतच अडकली. कमलला लेकीनं बर्मिंगहॅमला नेलं. जायच्या आधी कमलच म्हणाली होती, "आपण वाटून घेऊ. पहिल्यांदा कौसल्यानं म्हणायचं, दुतियम्पि शारदाचं, ततियम्पि माझं. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे माझी दुपार. जिथे असू तिथे बसायचं, दुसरीचं म्हणून होईपर्यंत थांबायचं, आणि पंचशील तिघींनी मिळून." फोनबिन काही नाही. तेव्हापासून कौसल्याबाईंचा एक दिवस चुकला नव्हता. आणि चुकवून चालणारही नव्हतं, कारण सुरुवात त्यांची होती. त्यांनी म्हटल्याशिवाय त्या दोघी पुढे कशा जाणार?

"आई, शनिवारी एका डॉक्टरांना दाखवून येऊ. रूटीन चेकअप," सुगत म्हणाला.

"कशाचं?"

"असंच. मेमरीचं वगैरे."

"चल," कौसल्याबाई म्हणाल्या. "त्यालाच सांगू दे, कोणाचं डोकं तपासायचंय ते."

दवाखान्यात साडेसहाची वेळ होती, पण बाहेर ही गर्दी. पावणेसात झाले, सात वाजत आले. कौसल्याबाईंनी चपला काढल्या, खुर्चीत ताठ बसल्या आणि हात जोडले.

"आई, इथे नको. लोग देख रहे हैं."

"बघू दे. मी काय चोरी करतेय?"

आणि त्यांनी खणखणीत आवाजात बुद्धं सरणं गच्छामि सुरू केलं. शेजारची बाई मोबाइलमधून मान वर काढून बघू लागली. संघापर्यंत येऊन कौसल्याबाई थांबल्या. सुगतचे कान लाल झाले. त्याला आईची लाज वाटत होती, त्याहून जास्त भीती वाटत होती, आणि त्या भीतीनंच तो जवळजवळ ओरडला, "दुतियम्पि, आई! दुतियम्पि म्हण ना!"

कौसल्याबाईंनी डोळे उघडले. "अरे, शारदाला म्हणू देशील की नाही?"

"शारदामावशी? ती कुठे आहे इथे?"

"महूत. दुतियम्पि तिचं असतं, ततियम्पि कमलचं. मी थांबते, विसरत नाही. दाराआड उभा राहून ऐकलंस, वाल्मिकजींना सांगितलंस, डॉक्टर शोधलास. मला विचारायला काय झालं होतं तुला?"

सुगत मटकन शेजारच्या खुर्चीत बसला. मग खाली बघत म्हणाला, "आई, कमलमावशी... कमलमावशी नाही राहिली. महिना झाला. तिच्या मुलीचा मला फोन आला होता. तुला धक्का बसेल म्हणून..."

"माहीत आहे मला."

"क्या?"

"शारदानं त्याच दिवशी सांगितलं. तुम्हाला कळू नये म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडले मी. तू माझ्यापासून लपवत होतास, मी तुझ्यापासून. छान घर आहे आपलं."

"मग आता कोणासाठी थांबतेस?"

"तिच्यासाठीच."

"पण ती नाहीये, आई."

"होती तेव्हा तरी बर्मिंगहॅमहून मला ऐकू येत होती का? तेव्हाही नव्हती, आताही नाही. मग काय बदललं?" एवढं बोलताना कौसल्याबाईंचा आवाज चिरला, पण त्यांनी तो रेटून नेला. "बदलतं रे. पोटात खड्डा पडतो तेवढ्या वेळात. पडू दे. जागा तिची आहे. माणूस गेलं म्हणून जागा भरून टाकायला ती काय तुमच्या ऑफिसातली पोस्ट आहे?"

त्यांनी परत हात जोडले. दुसरी पाळी गेली, तिसरी गेली, मग कौसल्याबाईंनी पंचशील म्हटलं आणि चपला घातल्या. तेवढ्यात नंबर आला.

डॉक्टरांनी तारीख विचारली, पाढे विचारले, तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले. कौसल्याबाईंनी ते सरळ सांगितले, मग उलटे सांगितले. डॉक्टर हसून म्हणाले, "माताजी एकदम ठीक हैं." मग सुगतकडे वळून म्हणाले, "आप बताइए, आपकी नींद कैसी है?"

पार्किंगमध्ये कौसल्याबाई गाडीत बसेनात. "आधी वाल्मिकजींना फोन लाव."

सुगतनं लावला. त्यानं 'हॅलो' म्हणायच्या आत त्यांनी मोबाइल काढून घेतला. "वाल्मिकजी, पौर्णिमेला वंदना मीच सांगणार. आणि पहिल्यांदा म्हणून झालं की थांबणार आहे."

"थांबणार? अहो ताई, लोकांना वाटेल माइक बंद पडला."

"वाटू दे. ज्याचं जे माणूस लांब आहे, नाहीतर गेलंय, त्याला तेवढ्या वेळात म्हणू दे. सगळा विहार थांबेल, काही बिघडत नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

गाडी विजय नगरच्या सिग्नलला अडकली. सुगतनं स्टीअरिंगवरचा हात काढून आईच्या हातावर ठेवला. "आई, कमलमावशीचं ततियम्पि मी म्हणू का उद्यापासून? तुला थांबायला नको."

"नाही." त्यांनी हात काढून घेतला नाही, पण मानही वळवली नाही. "म्हणायचं तर स्वतःची दोन माणसं शोध. तू न विचारता ज्यांच्यासाठी थांबशील अशी. आहेत?"

सुगतच्या मोबाइलमध्ये हजारभर नावं होती. "निशांत," तो शेवटी म्हणाला. "पुण्याला गेल्यापासून बोललो नाही त्याच्याशी, पण आहे."

"एक झाला. दुसरं?"

सुगत समोरच्या लाल दिव्याकडे बघत राहिला. मग लहान असताना म्हणायचा तसं हळूच म्हणाला, "तू."

कौसल्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"मी बुक आहे," त्या म्हणाल्या. "दिवा हिरवा झालाय, गाडी काढ."