कागदामागची ओल

धर्मपालने गरम इस्त्री भिंतीवर टेकवली, मनात वीसपर्यंत मोजलं आणि कागदाचं टोक पकडून हळू ओढलं. टीचभर कागद सुटला. सोबत प्लास्टरचा पापुद्राही आला. मागची भिंत काळी होती.

सकाळचे दहा वाजले होते. बिलासपूरहून पिंकीची गाडी तीनला येणार होती. तिच्यासोबत तीन महिन्यांची पोरगी होती, धर्मपालची पहिली नात. जावई यशदीप दोन महिने ट्रेनिंगला गेला होता, तोवर मायलेकी इथंच राहणार होत्या. बाळंतपण सासरी झालं, कारण इथं करायला कोणी उरलं नव्हतं. धर्मपालची बायको कलावती फेब्रुवारीत गेली. परवा पिंकी फोनवर म्हणाली, "बाबा, मी आईच्याच खोलीत झोपीन." कालपासून धर्मपाल त्या खोलीतल्या भिंतीला भिडला होता.

घरात दोनच खोल्या. समोरची रस्त्यावर, भनपुरीला जाणाऱ्या ट्रकांची धूळ दिवसभर आत येते. बाळाची छाती नाजूक आहे हे पिंकीने आधीच सांगितलं होतं. म्हणजे राहायला ही मागचीच खोली, आणि खाट लावायला हीच भिंत.

कागद चार वर्षांपूर्वीचा. तेव्हा कलावती महिनाभर मागे लागली होती. भिंत ओली होऊन राहिली, पलीकडच्या न्हाणीतला नळ आतून गळते, टाइल फोडून पाहा. धर्मपाल रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. त्याला चांगल्या टाइल फोडायच्या नव्हत्या, घरात आठ दिवस रेती-सिमेंट नको होतं. तो बाजारातून वेलबुट्टीचा वॉलपेपर घेऊन आला. दुकानदाराने सोबत दिलेली खळ त्याने बाजूला ठेवली आणि कारखान्यात लोखंडाला रबर चिकटवतात ते सोल्युशन भिंतीला फासलं. "खळ दोन पावसाळे काढत नाही," तो म्हणाला होता. "हे आपल्या मरणापर्यंत हालत नाही."

खरंच हललं नव्हतं. कालचा अख्खा दिवस त्याने साबणाचं गरम पाणी मारलं, व्हिनेगर मारलं, पत्र्याने खरवडलं. वरची वेल निघाली, खालचा थर तसाच. आज पहाटे त्याला आठवलं की कारखान्यात जुनं रबर काढायचं तर आधी तापवायचे. मग त्याने इस्त्री काढली. अशा गतीने तीनपर्यंत अर्धी भिंतही झाली नसती.

"भाऊजी, अजून तिथंच आहा तुम्ही?"

माया दारात उभी होती. कलावतीची धाकटी बहीण, दोन घरं सोडून राहणारी. तिच्या हातात झाकलेलं ताट होतं.

"खाऊन घ्या आधी. मी विकी भैयाले फोन केला. एक वाजता येते तो, पॅनल घेऊन."

"कायचे पॅनल?"

"प्लास्टिकचे. माझ्या नणदेकडे लावले ना त्यानं. वरून ठोकले की झालं. पांढरी शुभ्र भिंत, कोणी म्हणन हॉटेल आहे."

"अन् खालचं?"

"खालचं कोणाले दिसते?" मायाने ताट स्टुलावर ठेवलं आणि काळ्या भिंतीकडे पाहिलं. तिने पदर नाकाला लावला. "पोरगी पहिल्यांदा लेकरू घेऊन येऊन राहिली. ताई नाही घरात. हे असं दाखवता का तिले?"

धर्मपालने इस्त्री पुन्हा टेकवली, वीस मोजले.

मायाला एक गोष्ट माहीत नव्हती. पिंकीलाही नव्हती. गेल्या वर्षी कलावतीचा खोकला थांबेना, दोन पायऱ्या चढली की दम लागे. तेव्हा तो तिला समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेला. छातीचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाला, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. मग त्याने एकेक प्रश्न विचारला. कबूतर पाळता का. कोंबड्या आहेत का. घर में सीलन है? दीवार पर फफूंद? ओल-बुरशीचे हे शेवटचे दोन प्रश्न तो कलावतीकडे पाहून विचारत होता, पण उत्तर धर्मपालने दिलं. "नहीं साहब, एकदम सूखा घर है." डॉक्टरने ते कागदावर लिहून घेतलं. कलावतीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. त्या रात्री आणि पुढचे पाच महिने ती याच भिंतीला लागून झोपली.

तो खोटं का बोलला हे त्याला आजही सांगता आलं नसतं. कागद इतका नीट बसला होता की त्याला स्वतःलाच खरं वाटत असे, हे एक. दुसरं म्हणजे, बायको म्हणत होती ते बरोबर होतं, हे चारचौघांत कबूल करायची त्याला सवय नव्हती.

एक वाजता विकी आला. चाळिशीचा, पोट सुटलेला माणूस. त्याने भिंतीवर बोट फिरवलं आणि ते पँटला पुसलं.

"अंकल, ये तो पाइप का मामला है. ऊपर से बंद कर दूँगा, पर अंदर चलता रहेगा."

"किती दिवस दिसणार नाही?" मायाने विचारलं.

"दिखेगा तो कभी नहीं, दीदी."

माया धर्मपालकडे पाहत होती. विकीही पाहत होता. धर्मपालने घड्याळ पाहिलं. तो म्हणाला, "लगा दो."

विकीने ड्रिल लावलं. पहिल्या भोकातून भुकटीऐवजी काळा चिखल आला. स्क्रू धरेना. त्याने चार बोटं बाजूला भोक पाडलं, मग अजून वर. धर्मपाल पट्ट्या हातात देत राहिला. एकेक पांढरी पट्टी दुसरीत अडकत गेली आणि भिंत डावीकडून नाहीशी होत गेली. पावणेतीनला शेवटची पट्टी बसली. पिंकीचा फोन आला, अलीकडचं उरकुरा स्टेशन सुटलं म्हणून. मायाने फरशी पुसली, खाट भिंतीला सरकवली, वर नवी चादर टाकली, उदबत्ती लावली. विकी सामान आवरून गेला. खोली खरंच हॉटेलसारखी दिसत होती.

ऑटो साडेतीनला दारात थांबला. पिंकी वाळली होती. तिने वाकून "जय भीम, बाबा" म्हटलं आणि कापडात गुंडाळलेलं बाळ त्याच्यापुढे धरलं. धर्मपालने हात पुढे केले नाहीत.

"हात खराब आहेत माझे," तो म्हणाला.

"काय करून राहिले होते? रंगकाम?" पिंकी हसत आत गेली आणि मागच्या खोलीच्या दारात थबकली. "अरे. मावशी, हे कधी केलं?"

"तुह्यासाठीच," माया म्हणाली. "बापानं दोन दिवस जीव काढला."

"आई असती तर खूश झाली असती," पिंकी म्हणाली. बाळ पेंगत होतं. ती खाटेपाशी गेली, एका हाताने उशी भिंतीकडे सारली आणि बाळाला ठेवायला वाकली.

"तिथं नको ठेवू," धर्मपाल म्हणाला.

"काहून?"

"नको ठेवू म्हनलं ना. उचल तिले."

आवाज मोठा झाला होता. बाळ दचकून रडायला लागलं. पिंकीने त्याला छातीशी घेतलं आणि मागे सरकली. माया मध्ये आली. "भाऊजी, चहा घ्या तुम्ही. दोन दिवसांचे जागले आहेत, पिंकी, तू लक्ष देऊ नको."

धर्मपालने खाट ओढली. पेचकस घेऊन शेवटच्या पट्टीचे स्क्रू काढले आणि पट्टी हिसकली. ती निघाली, मागोमाग दुसरीही निघाली. ओल्या मातीचा, कुबट वास खोलीभर झाला. काळी भिंत उघडी पडली.

मग त्याने भिंतीकडे पाहतच सगळं सांगितलं. नळ, कागद, सोल्युशन. डॉक्टरने काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं. फार वेळ लागला नाही. सांगायला तीन-चार वाक्यंच होती.

पिंकीने बाळाच्या तोंडावर ओढणी धरली होती. "आई वहाँ थी? जब आपने बोला?"

"हव. बाजूलेच बसली होती."

"तो आई ने क्यों नहीं बताया डॉक्टर को?"

"मी बोलून बसलो होतो. मले खोटं पाडलं नाही तिनं."

"बाबा, ठीक हो जाती क्या वो?"

"मले नाही माहीत," धर्मपाल म्हणाला. "मी कधी विचारलंच नाही."

पिंकी वळली आणि बाळाला घेऊन बाहेर पडली. फाटक वाजलं. ती मावशीच्या घराकडे गेली.

माया खाली बसून पांढऱ्या पट्ट्या गोळा करत होती, मग तिने त्या तशाच टाकल्या. "काय भेटलं तुम्हाले सांगून? माही ताई परत येते का? पोरीले आई नव्हती, आता बापही नाही ठेवला तुम्ही."

"लेकरू झोपलं असतं इथं, माया."

"समोरच्या खोलीत झोपवलं असतं. काही सांगून. धूळ परवडली." ती उठली. डोळे पुसत तीही गेली.

धर्मपालने उरलेल्या पट्ट्या काढून अंगणात नेऊन ठेवल्या. मग इस्त्री लावली. तापेपर्यंत उभा राहिला. वीस मोजून कागद ओढला, पुन्हा टेकवली, पुन्हा ओढला. काळी भुकटी त्याच्या बाह्यांवर, मिशांवर पडत होती. त्याला खोकला आला, तरी तो थांबला नाही.

अर्ध्या तासाने फाटक पुन्हा वाजलं. पिंकी एकटीच आली होती. तिचे डोळे सुजले होते. तिने बापाकडे न पाहता कोपऱ्यातली दुधाच्या बाटल्यांची पिशवी उचलली आणि निघाली. दारात पोचून थांबली.

"मी मावशीकडेच राहीन," ती म्हणाली. "भिंत सुकत नाही तोपर्यंत. तुम्ही तिकडे येऊ नका आज."

"हव."

ती तरीही गेली नाही. धर्मपालला पुन्हा ढास लागली. ती संपेपर्यंत पिंकी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"खिडकी तरी उघडा ना, बाबा," ती म्हणाली. "अन् तोंडाले काही बांधा. सगळं आत जाऊन राहिलं."

धर्मपालने इस्त्री खाली ठेवली आणि खिडकीची कडी काढायला गेला.