नव्या घासलेटचा ड्रम

घाटंजीचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, दोन हंगाम बंद पडलं होतं. कापसाचा भाव पार मातीत गेला, बाबुलाल शेठनं फाटकाला कुलूप घातलं अन् मजूर देशोधडीला लागले. अशात दसऱ्याच्या तोंडावर शेठनं जमीर मिस्त्रीच्या दारात घासलेटचा नवा ड्रम उतरवला. "मशिनीचे सगळे पार्ट खोल, धुवायच्या टाकीत डुबव अन् साफ कर. एकदम कोरे दिसले पाहिजेत."

झालं! जमीरला आणखी काय पाहिजे? हंगामाआधी टाकीत नवं घासलेट पडलं की जिनिंग सुरू होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्याच्या बायकोनं, फरहानानं तर अख्ख्या मोहल्ल्यात साखर वाटली. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणारा खेमसिंग बायकोपोरं घेऊन सुरतेला निघाला होता. जमीरनं त्याला स्टँडवरून ओढून आणलं.

"कायले जातं बे परमुलखात? जिनिंग चालू होऊन राह्यलं ना!"

"पक्कं ना, जमीरभाई? सुरतेच्या मुकादमाले एकदा नाही म्हटलं का तो पुन्हा घेत नाही."

"माह्या जबानवर थांब."

खेमसिंग थांबला.

जमीर टाकीशी बसला. बेअरिंग, गिअर भिजत घालायचे, जुनं वंगण सुटलं की ब्रशनं घासायचे, पुन्हा बुडवायचे. बोटं फाटली, भाकरीलाही घासलेटचा वास यायला लागला, पण गडी खुशीत. शेवटी तो वंगणाचा डबा उघडायला गेला, तर शेठ म्हणाला, "वंगण राहू दे. तेलाचा हात फिरव अन् कागदात गुंडाळ."

कागदात? फिरणाऱ्या बेअरिंगला कोणी कागद गुंडाळतं काय! जमीरनं डबा खाली ठेवला.

"मशिनी विकल्या का, शेठ?"

"गुजरातची पार्टी आहे. तुह्यं काम पाहूनच पसंत केल्या त्यानं. मानलं तुले!"

ट्रक आला तेव्हा हमालीला खेमसिंगच होता. दुसरं काम होतं कुठं? तो जमीरकडे बघेना. त्यानं तोंडभर शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं.

"खेम्या, मले खरंच वाटलं होतं रे."

खेमसिंगनं दोर आवळला. "मुकादम गेला, जमीरभाई," एवढंच बोलला.

तेवढ्यात शेठनं हाक मारली, "मिस्त्री, टाकीही धुऊन दे. तिचाही सौदा झाला."

हरामखोर! लाथ घालून टाकी उलटवावी, असं जमीरला वाटलं. पण ट्रक तिच्यासाठीच अडला होता. तो खाली बसला, आत हात घातला अन् तळ घासू लागला. खेमसिंग दोर घेऊन बाजूला उभा राहिला, टाकी उचलायची वाट बघत.