शंभरीच्या नाटकातली मर्टल

वॉरलिंग गावाला शंभर वर्षं झाली त्या दिवशीही मर्टल सकाळी हॅलमबाईंच्या परसात चादरी पिळत होती. उत्सव गावाचा, धुण्याला कसली सुट्टी! हॅलमबाई उत्सव समितीच्या अध्यक्ष. त्या स्वतः मागच्या दारी आल्या.

"मर्टल, दुपारच्या नाटकाला नदीकाठचे झाडून सगळे यायला हवेत हं. म्हातारी क्वीनीसुद्धा."

"मावशीला उठवत नाही हो बाई. खोकून खोकून बेजार झालीय."

"म्हणून तर ट्रक पाठवतेय! मागे कुणीही राहता कामा नये."

वीस वर्षांत बाईंनी क्वीनी मावशी जिवंत आहे की मेली, हेही विचारलं नव्हतं. आजच एवढा पुळका?  पण पोरांना केक मिळणार होता, म्हणून मर्टल "आणते" म्हणाली.

नदीकाठ म्हणजे गावाच्या हद्दीबाहेर पत्रे नि पोती जोडून उभी केलेली सात घरं. या भूमीच्या मूळच्या काळ्या माणसाने गोऱ्यांच्या गावात राबावं, राहू मात्र नये, असा तिथला रिवाज. दर रविवारी चर्चच्या पहिल्या बाकावर बसणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे.

नाटक मास्तरांनी लिहिलेलं. गावाचा गोरा संस्थापक घोड्यावरून येणार, मर्टलने त्याला पाणी द्यायचं आणि म्हणायचं, "या, ही भूमी आता तुमची." महिनाभर तेवढ्याचीच तालीम चालली होती.

मैदानात नदीकाठचे सगळे नाटकासाठी अंगाला रंग फासून उभे होते. रस्त्यावरून गावची मिरवणूक आली. ट्रॅक्टर मैदानात वळले, आगीचा बंब वळला. शेवटचा, फिती लावलेला नगरपालिकेचा बुलडोझर मात्र वळला नाही. तो सरळ नदीच्या वाटेला लागला.

"अगं बाई, तो मेला तिकडे कुठे चाललाय?" क्वीनी मावशीने विचारलं.

तिकडे त्यांच्या घरांशिवाय होतंच काय? संध्याकाळी बडे पाहुणे पुलावरून जाणार होते. त्यांच्या नजरेला ती घरं पडायला नको होती. 

तेवढ्यात संस्थापक झालेले बँकेचे मॅनेजर घोड्यावरून समोर आले.

"म्हण ना! या, ही भूमी..." मास्तर कुजबुजले.

"नाही म्हणणार!" मर्टल ओरडली. "आमची घरं पाडायला बुलडोझर धाडलात आणि आम्हांला इथे सोंगं घेऊन उभं केलंत? लाज कशी वाटत नाही तुम्हांला?"

ती पाणी ओतून चालू लागली. मागोमाग सगळे निघाले, क्वीनी मावशी दोघींच्या खांद्यांवर. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो! "काय झकास लिहिलंय मास्तरांनी!" म्हणाले. एकट्या हॅलमबाई मान खाली घालून बसल्या होत्या.

ते पोहोचले तेव्हा तीन घरं भुईसपाट झाली होती. चौथ्याच्या दारात मर्टलने बसकण मारली. शेजारी मावशीला टेकवलं, मग बाकीचे बसले.

"बाजूला हो गं मर्टल," बुलडोझरवरचा क्लॅरी काकुळतीने म्हणाला. "मी हुकमाचा ताबेदार."

"मग घाल अंगावर."

क्लॅरीने यंत्र बंद केलं. मैदानातून बँडचा आवाज येत होता. तिकडे गावाचा गौरवशाली इतिहास वाचला जात होता.

"उद्या मला पुन्हा पाठवतील," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"ये," मर्टल म्हणाली. "उद्याही आम्ही इथेच बसलेलो असू."