कुलूपवाल्याच्या स्वयंपाकघरातलं कुलूप

मी कुलूप बोलतोय. दचकू नका. कुणाला गप्प करायचं असलं की तुम्ही त्याला तोंडाला कुलूप लावायला सांगता, तेव्हा खुद्द कुलपानंच तोंड उघडलेलं पाहून नवल वाटणारच. पण मी पितळी आहे, वजनदार आहे आणि मला स्वतःविषयी बोलायला मनापासून आवडतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पोटात लिव्हर, म्हणजे किल्लीनं सरकणाऱ्या पट्ट्या, बसवून झाल्यावर तिथली एक बाई आम्हा प्रत्येकाला मिटून, उघडून, हिसडे देऊन बघायची. मला हिसडा दिला आणि म्हणाली, "हा नुसता धोंडा आहे." माणसांत हा अपमान असेल, आमच्यात ही शाबासकी.

पहिली नोकरी लागली एका कचेरीत, अडगळीच्या खोलीवर. आत मोडक्या खुर्च्या होत्या. मी दारावर असेपर्यंत त्यातली एकही चोरीला गेली नाही, आणि हे केवळ माझ्या दराऱ्यामुळे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. पुढे माझी किल्ली हरवली. नवी करून घ्यायला शिपायानं मला कुलूपवाल्याकडे टाकलं. दरम्यान खुर्च्या भंगारात गेल्या आणि मला परत न्यायचं कुणालाच सुचलं नाही.

कुलूपवाल्याचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. तो स्वतः अंगानं आडवा, मानेनं आखूड, त्यामुळे आत शिरताना त्याला अंग तिरकं करावं लागे. त्यानं मला कानाशी धरून हलवलं, पोटात डोकावून पाहिलं, कानशीनं नवी किल्ली घासली आणि तेल पाजून खिळ्यावर टांगलं. माणूस गमत्या होता. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता त्याचा डोळा लागायचा आणि जागा झाला की अर्धवट राहिलेलं वाक्य तो पुरं करायचा.

एके दिवशी त्याची बायको दुकानात आली. "अहो, तुमच्याकडे सगळ्यात भक्कम कुलूप कोणतं?"

धंद्याचा अभिमान मोठा वाईट. त्यानं कशाला हवं हेसुद्धा न विचारता मला खाली काढलं. "हे ने. चोराला घाम फुटेल."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या कपाटावर चढलो होतो. आत साखर, मध, बिस्किटं आणि जॅमची बाटली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"हे माझ्यासाठी?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?"

भानगड अशी होती. कुलूपवाल्याला मधुमेह. रोज सकाळी उपाशीपोटी त्याची बायको, म्हणजे आता माझी मालकीण, त्याच्या बोटाला टोचून यंत्रावर साखर बघायची. रात्री जेवणानंतर बरी असलेली साखर सकाळी चढलेली! गोळ्या वेळेवर, जेवण मोजूनमापून, मग रात्रीतून साखर वाढते कशी? शिवाय तो रात्री उठतो, एकदा नव्हे, अनेकदा, हे त्याच्याच तोंडून कळलेलं. तो लघवीला जातो म्हणे, पण न्हाणीघराची वाट स्वयंपाकघरातून. एवढा पुरावा मिळाल्यावर निकाल द्यायला कितीसा वेळ लागणार?

प्रत्यक्ष पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. नवऱ्याच्या घोरण्याला कंटाळून मालकीण केव्हाच शिलाई मशीनच्या खोलीत झोपायला गेली होती. मधे भिंत आणि कानात कापसाचे बोळे.

डॉक्टरीणबाईंनी एकदा विचारलं होतं म्हणे, "झोप कशी आहे यांची?"

"झोपेचं काही विचारूच नका," मालकीण कौतुकानं म्हणाली होती. "पडल्या पडल्या घोरायला लागतात. गल्लीला ऐकू जातं."

बाईंनी 'झोप उत्तम' असं लिहून घेतलं आणि पुन्हा खाण्याकडे वळल्या.

मी डोळ्यांत तेल घालून पहारा देत होतो. रात्री तो माझ्यासमोरून जायचा, एक हात भिंतीला टेकवून, तोंड कोरडं पडलेलं. माठातलं पाणी प्यायचा, न्हाणीघरात जायचा, परत फिरायचा. माझ्याकडे वळूनसुद्धा बघायचा नाही. घाबरला मला, मी मनाशी म्हणायचो. आणि सकाळी यंत्रावर साखर पुन्हा चढलेली.

आता गंमत बघा. दुसऱ्या कुठल्याही घरात बंद कुलूप म्हणजे नवरा निर्दोष. इथे नवराच कुलूपवाला! मी बंद आहे यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. उलट मालकीण म्हणायची, "उघडून परत लावायला तुम्हाला कितीसा वेळ लागतो?" माझ्यासारख्या भल्या कुलपाच्या शब्दाला त्या घरात काडीची किंमत नव्हती.

मग तिनं माझ्या कडीला शिवणाचा दोरा बांधला. सकाळी दोरा जसाच्या तसा, साखर वर. "गाठ तशीच मारलीत, नाही?" तिनं विचारलं.

"अगं, मला साधी बुटाची गाठ धड मारता येत नाही."

"कुलपं उघडणाऱ्या बोटांनी हे सांगू नका मला."

सुरुवातीला तो हसण्यावारी न्यायचा. नंतर चिडायला लागला, आणि त्यानंतर बोलेनासा झाला. ते मात्र मला बघवेना. बोट पुढे करायचा, टोचून घ्यायचा, आकडा न बघताच उठायचा. एका सकाळी तो एवढंच म्हणाला, "तुला मी खोटारडा वाटतो, हे मला साखरेपेक्षा जास्त लागतं." मालकीण पाठ करून उभी होती. तिचाही चेहरा उतरला होता. तिची भीती खोटी नव्हती. याच आजारात तिच्या वडिलांचा पाय गेला होता.

शेवटचा उपाय म्हणून तिनं मेणबत्ती पेटवली आणि वितळलेलं मेण माझ्या किल्लीच्या भोकात ओतलं. मी ठसकलो. सकाळी मेण जागच्या जागी, साखर वरच्या वर. आता मात्र तिचा संतापच झाला. मेण कोरून पुन्हा ओतणारा हा माणूस आहे तरी कोण? दुपारी नवऱ्याला जाब विचारायला मला दुकानात न्यायचं तिनं ठरवलं. पण मेणामुळे तिची किल्ली माझ्यात शिरेना. शेवटी तिनं स्क्रू काढून कोयंडाच उखडला. त्या कपाटावर झालेली एकुलती एक घरफोडी ही अशी, खुद्द पहारा बसवणाऱ्या बाईनं केली.

मूठ आवळून, मुठीत मला घेऊन ती दुकानाशी पोचली. कुलूपवाला स्टुलावर बसल्या बसल्या झोपला होता, हातात कानस, हनुवटी छातीवर. समोर एक शिक्षिका सुटकेस घेऊन ताटकळत उभी होती.

"उठवू नका," ती हळूच म्हणाली. "दमलेत बिचारे. बघा ना, कशी गाढ झोप लागलीय."

मालकीण उठवणारच होती, पण परक्या बाईसमोर तमाशा नको म्हणून थांबली. उघड्यावर, भरदिवसा, हातभर अंतरावरून ती नवऱ्याचं घोरणं ऐकत उभी राहिली. आवाज चढत गेला आणि मधेच तुटला.

तिला वाटलं, जाग आली. पण तो हलला नाही. छाती वर यायला धडपडत होती, श्वास मात्र आत जात नव्हता. ओठ काळसर पडले. मालकिणीची मूठ माझ्याभोवती अशी आवळली की माझी कडी तिच्या तळव्यात रुतली. "अहो!" ती किंचाळली.

बुडणारा माणूस वर यावा तसा तो मोठा श्वास घेत दचकून जागा झाला. समोर बायको, तिच्या हातात मी. तो धापा टाकत म्हणाला, "मी काही खाल्लं नाही गं."

मालकीण तिथेच पायरीवर बसली आणि त्या शिक्षिकेसमोर, सुटकेसला धरून, ढसाढसा रडली.

त्याच संध्याकाळी ती त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. गडबडीत मी पिशवीतच राहिलो, म्हणून मलाही ऐकायला मिळालं. "घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे," बाई म्हणाल्या. "यांची श्वासाची वाट झोपेत मिटते. श्वास अडला की मेंदू घाबरून जागं करतो. यांना ते आठवतही नाही, पण रात्रभर हेच चालत असणार. दर वेळी शरीराला वाटतं, संकट आलं. मग यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि शरीर इन्सुलिनलाही दाद देत नाही. सगळा दोष झोपेचा नसेल, पण तपासायला हवं. मीही खाण्यापलीकडे नीट विचारलं नाही."

म्हणजे मी बाहेरच्या साखरेवर पहारा देत होतो आणि चोर त्याच्या पोटातल्या कोठारातून माल काढत होता.

झोपेची तपासणी झाली आणि नाकावर मुखवटा लावून लांब नळीनं हवा देणारं यंत्र घरी आलं. "हत्ती झालात अगदी," मालकीण म्हणाली आणि आपलं अंथरूण परत त्याच्या खोलीत घेऊन आली. आता तिलाच झोप लागेना. एवढी शांतता तिला सोसत नव्हती. ती मधूनमधून त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची. सकाळची साखर एका दिवसात उतरली नाही, गोळ्या सुटल्या नाहीत, चालणंही वाढवावं लागलं. पण आकडा हळूहळू खाली येऊ लागला आणि गिऱ्हाइकांना त्याची वाक्यं सलग ऐकायला मिळू लागली.

मी पिशवीतून पुन्हा दुकानात येऊन पडलो होतो, मेणानं घसा भरलेला. एके दिवशी डबा घेऊन आलेल्या मालकिणीनं मला त्याच्यापुढे ठेवलं. "उघडा बघू हे."

त्यानं काडी ओढून मेण वितळवलं, फडक्यानं टिपलं, एक वाकडी तार आत घातली. मी सगळे लिव्हर ताठ केले, जन्मभराची अब्रू पणाला लावली. टक्. एवढंच. तार नीट धरायलाही त्याला याहून जास्त वेळ लागला होता.

मालकीण बघतच राहिली. "इतकं सोपं होतं?"

"हो."

"मग इतके दिवस कधी...?"

"आज पहिल्यांदा उघडा म्हणालीस," तो म्हणाला आणि डबा उघडायला लागला.

तेव्हापासून मी त्या खिळ्यावर उघडाच लटकतोय. मालकानं मला विकायला काढलं आहे. तुमच्या घरात कुणाची सकाळची साखर चढत असेल आणि तुम्ही कुलूप शोधत असाल, तर आधी रात्रभर त्याच्या शेजारी झोपा, आणि कानातले बोळे काढून झोपा. त्यावरही कुलूप हवंच असेल, तर खुशाल दुसरं न्या. मला नेऊ नका. मी कुणाला अडवू शकतो, यावर माझाच विश्वास उरलेला नाही.