दारातला उजेड

कारखान्याच्या आवारात भाऊजींनी गाडीतून फोटोचं सामान उतरवलं ते जणू किल्ला सर करायला आल्यासारखं. एक मोठा दिवा, तीन स्टँड, पांढरी छत्री. स्टँडच्या पायांवर ठेवायच्या वाळूच्या पिशव्या मात्र गाडीतच राहिल्या. कंपनीच्या लोकांपुढे त्या म्हणे गबाळ्या दिसतात.

"भाऊजी, वारा आहे. आणू का पिशव्या?" त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या तिने विचारलं.

"तू रिफ्लेक्टर धर. तीन वर्षांत तेवढंच जमलंय तुला."

तिने धरला. कारखान्याच्या मॅडम आज इंजिनिअरांचे फोटो बघून वर्षभराचं काम देणार होत्या, आणि तिला त्यातला एक तरी फोटो स्वतः काढायचा होता. घरी सासूबाईंकडे लेक ठेवून ती काही चकचकीत पत्रा धरायला येत नव्हती.

दुसऱ्याच फोटोला छत्री उडाली. दिव्यासकट आडवी झाली ती थेट मोरीच्या तोंडाशी. दिवा विझला, भाऊजींचा तोरा नाही.

"सूर्य काय फुकटच आहे," म्हणत त्यांनी इंजिनिअरांना भर दुपारी उन्हाकडे तोंड करून उभं केलं. वर रिफ्लेक्टरची चमक. दहाच्या दहा जणांनी डोळे मिटले.

मॅडमनी कॅमेऱ्यात पाहिलं. "ही माझी माणसं आहेत की लिंबू चोखलेली पोरं?"

"त्यांना फोटोची सवय नाही," भाऊजी म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं.

तिने रिफ्लेक्टर खाली ठेवला. पिशवीतून आपला जुना कॅमेरा काढला आणि सगळ्यात वयस्कर इंजिनिअरला गोदामाच्या दारात, सावलीत एक पाऊल आत, बाहेर तोंड करून उभं केलं. सव्वा वर्षाची लेक रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात अशीच बसायची. तिथला उजेड तिच्या गालांवर इतका हलका उतरायचा, की स्वतःचा चहा गार होऊ देऊन हिने लेकीचे शेकडो फोटो काढले होते. दारातल्या उजेडाची शिकवणी तिने तिथेच घेतली होती.

"काका, घरी कोण वाट बघतं?"

"नात," ते म्हणाले, आणि डोळे आपोआप उघडले.

मॅडमनी तो फोटो मोठा करून पाहिला. "उरलेले हिलाच काढू द्या. वर्षभराचेही."

हनुवटीखालची सावली घालवायला पांढरा थर्माकोल हवा होता. धरायला मोकळे हात एकाचेच होते.

"जरा खाली, भाऊजी. हलवू नका." मग तिने कॅमेऱ्यातून डोळा न काढता विचारलं, "हात दुखला तर सांगाल ना?"

तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.