सहाची माळ

बुधवारी सकाळी मी फादरांपुढे कुमसाराला, पापं कबूल करायला, गुडघे टेकले. माझी पापं मी चिठ्ठीवर लिहून नेतो. ऐनवेळी काही आठवत नाही. उपवासाच्या शुक्रवारी तांबड्या रश्श्याचा घोट, एकदा. रविवारच्या मिस्साला उशीर, दोनदा. फादर "कितीदा?" म्हणाले की आकडा तयार असतो. क्षमा देऊन ते म्हणाले, "ईस्टरची तयारी सगळ्यांनी तुमच्यासारखी करावी."

मी खाली मान घालून बाहेर पडलो. चिठ्ठीत एक गोष्ट नव्हती. ती पाप आहे की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. कदाचित ठरवायचंच नव्हतं.

माझी थोरली बहीण रुजायबाय गडहिंग्लजला एकटी राहते, मी इथे कोल्हापुरात. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती ओरडून बोलते आणि तेच तेच विचारते. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा. शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या मला तो आवाज सोसत नसे. दोन वर्षांपूर्वी मी माझी जपमाळ रात्रीवरून सहावर आणली. माळ हातात असताना फोन कसा घ्यायचा? तो टेबलावर थरथरायचा, तिचं नाव उमटायचं, आणि मी 'नमो मारिया' जरा मोठ्याने म्हणायचो.

गेल्या गुरुवारपासून फोन आला नव्हता.

अशा सहा संध्याकाळी झाल्या. मीच करावा, असं रोज वाटायचं. उचलला नाही तर? आणि उचलला तर काय सांगू?

बुधवारी संध्याकाळी जिन्याशी अक्काताई भेटल्या. खालच्या मजल्यावरचं त्यांचं जैन घर दिवस मावळायच्या आत जेवतं.

"काय आण्णा, सहा वाजाय आलं की! तुमची माळ सुरू झाली की मी ताटं घेते. आमच्या घड्याळाचा सेल गेलाय, पर अडत न्हाय."

मी कसाबसा हसलो आणि वर आलो.

माळ घेतली. दहा मण्यांचं पहिलं दशक झालं. डोळे फोनवर. दुसऱ्या दशकात मी मणी विसरलो, मागे आलो, पुन्हा विसरलो. फोनचा पडदा काळाच. बाय परसात घसरून पडली असेल तर? हाक मारली तरी कोण ऐकणार? तिसऱ्या दशकात ओठ आपोआप चालू आहेत आणि मी त्यात कुठेच नाही, हे मला स्पष्ट कळलं. तेवढंच स्पष्ट हेही कळलं की दोन वर्षं असंच चाललंय.

मी माळ टेबलावर ठेवली. खालून आवाज आला, "आण्णा, का थांबला? बरं न्हाय व्हय?"

मी बायला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. 

"कोण?" तिचा तोच मोठा आवाज.

"बाय, मी पास्कू."

"अरं, जपाच्या वेळंला फोन? कोण गेलं काय?"

"कुणी नाही. तुझा फोन नाही आला, म्हणून..."

"आमच्या फादरांना इचारलं, भाऊ फोन का उचलत न्हाय. त्ये म्हणालं, सहाला माळ जपतोय, कोल्हापुरात सगळ्यांना ठावं हाय. मला मेलीला काय ठावं! रोज तुझ्या जपात मोडता घालत हुते. आता मी बी सहालाच बसते. तू तिकडं, मी हिकडं. म्हणून तर पयला फोन उचलला न्हाय. जा, तुझी माळ पुरी कर."

ती फोन ठेवणार होती. इथेच गप्प राहिलो असतो, तर सगळं नीट राहिलं असतं.

"बाय, थांब. तुझा फोन मला दिसायचा. तू सहाला करतेस म्हणूनच मी माळ सहाला आणली. आधी ती रात्री असायची."

तिला ऐकू गेलं नसेल, असं वाटलं. ओरडून पुन्हा सांगितलं. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी बोललो नव्हतो. खाली ताटांचा आवाज थांबला.



"कितीदा?" रुजायबायनं विचारलं. आवाज एकदम बारीक.

माझ्याकडे आकडा नव्हता.

"रोज," मी म्हणालो.

तिने फोन ठेवला नाही. मीही माझा कानाला लावून उभा राहिलो.