सतरा अंशांचं पाणी

मी एक जुना रांजण आहे. माझा काठ फुटला आहे. मंचरहून घोडेगावला जाणाऱ्या रस्त्यालगत एका कारखान्याच्या ओट्यामागे मी पडून असतो. मित्रांनो, हा कारखाना द्राक्षांच्या लाल वाइनचा आहे. मुलांना वाइनची गोष्ट कशाला, असं काही मोठी माणसं म्हणतील. म्हणू देत. मी तुम्हाला ती प्यायला सांगत नाही. मोठी माणसं कशी वागतात एवढंच सांगतो, आणि ते तुमच्यापासून लपवून तुमचं काही भलं होत नाही.

मला जानकू कुंभाराने घडवलं. घोड नदीकाठच्या मातीत त्याने राख आणि लीद मिसळली. भट्टीत लीद जळून गेली आणि माझ्या अंगभर बारीक छिद्रं राहिली. त्यांतून पाणी पाझरतं, वाऱ्यावर उडून जातं, आणि आत उरतं ते गार होतं. मी घाम गाळतो तेव्हा दुसऱ्याची तहान भागते.

दोन हजार तीन साली मला कारखान्याच्या उघड्या ओट्यावर ठेवलं, कामगारांच्या पाण्यासाठी. सुरुवातीला सगळेच माझं पाणी प्यायचे. संपत मुकादम तर दुपारी तीन-तीन तांबे रिचवायचा. मग बाटल्या धुवायला आणि झाडलोटीला द्रौपदा आली. ती रोज संध्याकाळी मला काथ्याने घासायची, पाणी गाळून भरायची, ओलं गोणपाट गुंडाळायची. माझी इतकी काळजी आधी कोणी घेतली नव्हती. आणि त्याच आठवड्यात संपत घरून प्लास्टिकची बाटली आणू लागला. मे महिन्यात ती चहासारखी तापायची, तरी तो तीच तोंडाला लावायचा.

कारण कोणी बोललं नाही. मी बोलतो. द्रौपदा बौद्ध वस्तीतली होती, म्हणून. त्या दिवसापासून मी एकाच गोष्टीची वाट पाहिली. हा माणूस माझं पाणी पुन्हा कधी पितो, याची.

कारखान्याचे मॅनेजर भगवंत साहेब. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं त्यांनी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तक थंड देशातलं, आणि आमची खोली पत्र्याची. एप्रिलमध्ये पुण्याहून एक गिऱ्हाईक आलं. वाइन चौतीस अंशांवर. त्याने वास घेतला, ग्लास खाली ठेवला आणि ते गाडीत जाऊन बसलं. दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या वेळी साहेबांनी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये कोंबली. ती इतकी गारठली की वासच मेला, जिभेवर नुसता तुरटपणा राहिला. ते गिऱ्हाईकही गेलं.

फेब्रुवारीत एका मोठ्या हॉटेलच्या खरेदी बघणाऱ्या बाई येणार होत्या. आदल्या दिवशी द्रौपदा झाडू घेऊन साहेबांसमोर उभी राहिली.

"सायेब, एक बोलू? दुपारी बाटली फुटली की नुसता स्पिरिटचा भपकारा येतो. तीच सकाळच्या गारव्यात फुटली, तर जांभळासारखा वास येतो. फ्रिजातली फुटली तर कायबी वास न्हाई."

साहेब हसले. "तू पितेस व्हय गं?"

"न्हाई. आमच्या घरात पंचशील पाळत्यात, दारूला शिवत न्हाईत. मी काचा झाडते."

साहेबांचं हसू थांबलं. "मग काय करायचं म्हणतेस?"

"सकाळी रांजणात ठिवू. रातच्या थंडीनं पाणी गार झालेलं असतंय, पर फ्रिजावानी न्हाई."

संपत दारातच होता. "सायेब, त्या रांजणात नको. ते पाणी..."

"ते पाणी काय, संपतभाऊ?" द्रौपदाने विचारलं.

"काय न्हाई."

"बूच पक्कं हाय. माजं पाणी आत जायाचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. लोडशेडिंगचे दिवस होते ते. माझ्या पोटात चार बाटल्या गळ्यापर्यंत बुडवल्या. दुपारी एकला बाई आल्या. त्यांनी पर्समधून तापमान मोजायची काचेची नळी काढली आणि ग्लासात बुडवली. सतरा अंश. मग वास घेतला, एक घोट घेतला, आणि लगेच दुसरा घेतला. साहेबांनी खुशीत संपतलाही एक ग्लास दिला, तो त्याने रिकामा केला.

"ही मी घेईन. कुठं ठेवता बाटल्या?"

"तळघरात," भगवंत साहेब म्हणाले.

आमच्याकडे उंदराचं बीळ होतं, तळघर नव्हतं. द्रौपदा ग्लास धुत होती. तिने मान वर केली नाही. पण तिच्या शेजारच्या कुशाबाईला राहवलं नाही. "कशाचं तळघर, बाई? रांजणात व्हत्या. ह्या द्रौपदानं भरलेल्या." मग संपतकडे बघून म्हणाली, "मुकादम, तुमीबी गिलास रिकामा केला की. कसं लागलं?"

बायका हसल्या. संपत हसला नाही.

पाच वाजता सुटी झाल्यावर तो ओट्यावर आला. हातात दगड होता. फोडणाऱ्याचं नाव मी घेऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, पण नाव झाकतात ते भित्रे. मला संपतने फोडलं. माझा गळा तुटला, पोटाला तडा गेला, पाणी ओट्यावरून वाहत गेलं. सकाळी द्रौपदाने खापऱ्या गोळा केल्या. भगवंत साहेब म्हणाले, "मडकंच आहे, फुटायचंच." हॉटेलच्या मागणीमुळे लवकरच बाटल्या गार ठेवणारं विजेचं कपाट आलं, त्याला हार घातला. मला ओट्यामागे टाकलं. द्रौपदाने जानकूकडून दुसरा रांजण आणला आणि माझ्याच जागी मांडला. रोज भरत राहिली. संपतची प्लास्टिकची बाटलीही चालू राहिली.

वर्ष गेलं. पुन्हा फेब्रुवारी, पुन्हा त्याच बाई येणार, आणि पहाटेपासून वीज गेलेली. कपाट बंद पडलं, दुपारपर्यंत त्याच्या आत भट्टी होणार होती. नऊच्या सुमाराला संपत चार बाटल्या कवेत घेऊन ओट्यावर आला. मी भिंतीच्या फटीतून सगळं बघत होतो, ऐकत होतो.

"द्रौपदाबाई, सायबांनी पाठवलंय. जरा रांजणात सोडा."

"सोडते," ती म्हणाली. "आदी तुमी एक तांब्या प्या."

"मला तहान न्हाई."

"दोन वर्सं न्हाई व्हय?"

आतून साहेबांचा आवाज आला, "संपत, झालं का?" ती तांब्या पुढे धरून उभी होती. मग बाटल्या खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि नंतर पाण्याचे घोट. मी मोजले. सात होते.

"कसं लागलं?" तिने विचारलं.

"गार हाय," तो म्हणाला. त्याने रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

मग तिने एकेक बाटली उचलली आणि पाण्यात सोडली.

मित्रांनो, हे ऐकून संपतला माफ करून टाकू नका. त्याने अजून तिची माफी मागितलेली नाही. माझ्यात आता पाणी राहत नाही, पाल राहते. मला कोणी सांधावं असं मी म्हणत नाही. पण तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात एखादा रांजण असेल, तर त्याला रोज घासा, गाळून भरा, ओलं फडकं गुंडाळा. आणि तो कोण भरतं ते बघा. त्यातलं पाणी कोण पीत नाही, तेही बघा. जो पीत नसेल, त्याच्यापुढे तांब्या धरा.